दुपारचा पहारा

धर्मराज धामणदऱ्याला राहायला आला तेव्हा त्याच्या बोटांच्या पेरांतला निळा रंग अजून गेला नव्हता. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात त्याने उभं आयुष्य जीनचं कापड कापलं. थरावर थर चढवायचे, वरच्या थरावर खडूने आखायचं आणि मशीनचं पातं त्या रेघेवरून न्यायचं. नजर हलली की खालपासून वरपर्यंत सगळं कापड वाया. अशा कामात माणूस बोलत नाही. पुढेपुढे धर्मराज कामाबाहेरही बोलेनासा झाला. सेठ सिंधी होता, त्याला हा कारागीर फार आवडे. "धरमू, तेरे जैसा कोई नहीं," तो म्हणायचा, "न गणपती की छुट्टी, न गाँव की जत्रा." धर्मराजला गावही उरलं नव्हतं आणि देवही. दोन्ही कधी सुटले, ते त्याला सांगता आलं नसतं. नगरकडची जमीन भावांनी विकली, आई गेली, आणि मग तिकडे जायचं काही कारण राहिलं नाही, एवढंच.

त्याची बायको गोजरबाई दोघांच्या वाटचं बोलायची. ती खोलीत बसून पॅन्टींचे सुटे धागे कापायची. गठ्ठे सकाळी यायचे, संध्याकाळी जायचे, आणि त्यांची बारीक निळी लव भांड्यांवर, अंथरुणावर, देवांच्या फोटोवर बसायची. मूलबाळ नव्हतं. शेजारी एक सिंधी म्हातारी एकटी राहायची, तिला सगळे दादी म्हणत. गोजरबाई तिच्याशी मोडक्या हिंदीत तासन्‌तास बोलायची. एकदा गोजरबाई भाचीच्या लग्नाला गेली आणि परत आली तेव्हा दादीचं दार बंद होतं. आतून कडी होती. माणसं जमवून दार तोडलं. दादीला जाऊन बराच वेळ झाला होता. पालिकेची गाडी आली, चाळीतले दोघे-तिघे गाडीपर्यंत गेले आणि परतून कामाला लागले. कुणाचं काही चुकलं नव्हतं. माल त्या दिवशी द्यायचा होता.

त्या संध्याकाळी गोजरबाईने चूल पेटवली नाही.

"मला असलं नको," ती म्हणाली.

"काय?"

"एकटीनं जायचं. कुणी नाही, कुणाचं तोंड नाही, कानावर देवाचं नाव नाही. मला भ्या वाटतंय हो."

धर्मराजने उठून दिवा लावला. मग म्हणाला, "मी असंन."

"कामावर असला तर?"

"असंन म्हटलं ना."

त्याने आयुष्यात फार वचनं दिली नव्हती. हे एक दिलं.

पुढे तिला दम लागायला लागला. आधी जिना चढताना, मग धागे कापताना, मग बसल्या जागी. बदलापूरच्या डॉक्टरांनी फोटो काढले, ते उजेडासमोर धरले आणि सांगितलं की फुप्फुसं आखडत चालली आहेत, हे मागे फिरणारं नाही, पण धुळीतून बाहेर पडलात तर थोडे दिवस सुखाचे जातील. तोवर कॅम्पातले कारखानेही एकेक करून उठत होते. धर्मराजचा सेठ माल शिवायला दुसरीकडे पाठवू लागला होता.

धामणदरा त्यांना सापडला तो जनीबाईमुळे. जनीबाई कॅम्पातल्या चौकात भाजी घेऊन बसायची. वांगी, वालाच्या शेंगा, पावसाळ्यात डोंगरातली भाजी. गोजरबाई वर्षानुवर्षं तिच्याकडूनच घ्यायची आणि भाजीपेक्षा बोलणंच जास्त घेऊन यायची. गोजरबाईची धाप बघून जनीबाई एक दिवस म्हणाली, "इकडं मरशील गो. माझ्या घराची मागली खोली रिकामी हाय. हवा फुकट हाय आमच्याकडं. चल."

बदलापूरच्या पुढे बारवी धरणाचा रस्ता सोडला की एक वाट डोंगराच्या अंगाला जाते. तिच्या शेवटाला धामणदरा. कौलारू घरं, मधे मारुतीचं देऊळ, आणि मागे डोंगर. सकाळी तो जवळ उभा असतो, दुपारी उन्हात विरघळून मागे जातो, संध्याकाळी पुन्हा पुढे सरकून गावावर सावली टाकतो. धर्मराज पहिले काही दिवस त्याच्याकडे नुसता बघत बसे. डोंगर काही विचारत नाही, हे त्याला बरं वाटलं.

गाव मात्र विचारायचं. तिथल्या लोकांनी बाहेरची माणसं पाहिली होती ती प्लॉट घेणारी, कुंपण घालणारी, शनिवारी गाणी लावणारी. "कॅम्पवाले किती दिस टिकतात बघू," असं पारावर बोललं जाई, आणि ते धर्मराजला ऐकू जावं इतक्या मोठ्याने. गोजरबाईने मात्र पहिल्याच आठवड्यात देवळात हरिपाठाला जाऊन बसायला सुरुवात केली. तिला एक ओळ सलग म्हणता येत नसे, श्वास मधेच तुटायचा. ती शेवटचा शब्द तेवढा सगळ्यांबरोबर धरायची. बायकांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग तिला भिंतीशी टेकायला जागा दिली, मग एकीने तिच्यासाठी उशी आणून ठेवली.

"तुमीपण चला की," ती नवऱ्याला म्हणायची.

"मला येत नाही."

"कुणाला येतं? नुसतं बसायचं."

तो तिला देवळापर्यंत सोडायचा आणि बाहेर पायरीवर बसायचा. एकदा त्याने पाहिलं की भजनी मंडळाच्या वीणेची खोळ उसवून तिच्या चिंध्या झाल्यात. त्याच्याकडे जाड जीनचे तुकडे होते, जुनं मशीनही त्याने सोबत आणलं होतं. त्याने वीणेची मापं घेतली आणि खोळ शिवून दिली. दुहेरी शिवण, आत मऊ अस्तर, खांद्याला पट्टा. देवळात हशा पिकला.

"आता मारुतरायाला पन एक जीनची लंगोट शिवा!" कुणीतरी ओरडलं.

"खिसा ठेवा तिला," दुसरा म्हणाला, "मोबाइल कुठं ठेवनार तो?"

रामभाऊ तेवढे हसले नाहीत. रामभाऊ मंडळाचे म्हातारे विणेकरी, शेतकरी माणूस, तोंडाचे कडक. त्यांनी खोळीची शिवण अंगठ्याने दाबून पाहिली आणि म्हणाले, "काम सरळ हाय मानसाचं." त्या दिवसापासून पारावर कॅम्पवाले हा शब्द कमी झाला आणि धर्मामामा असा एक शब्द आला.

धामणदऱ्यात चैत्रात सप्ताह बसतो. सात दिवस मारुतीपुढे नाव चालू ठेवायचं. एक माणूस वीणा गळ्यात घालून उभा राहतो आणि नाव घेतो. त्याचा पहारा संपला की दुसरा येतो. दोघे एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. सात दिवस तिने जमिनीला टेकायचं नाही, खुंटीला लागायचं नाही. टेकली तर सप्ताह मोडला. मोडलेला सप्ताह गावाला लागतो, असं तिथली माणसं धरून चालतात, आणि कोणत्या वर्षी कुठल्या गावात मोडला नि मग काय झालं, हे त्यांना पाठ असतं.

पहाटेचे, संध्याकाळचे पहारे भांडून घेतले जातात. अडतो तो दुपारचा. तरणी माणसं मोरिवलीच्या कंपन्यांत पाळीवर असतात, म्हाताऱ्यांना ऊन सोसत नाही. देवळात त्या वेळी चिटपाखरू नसतं. भोंग्यातून एकट्याचाच आवाज गावभर फिरत राहतो. त्या वर्षी रामभाऊ जनीबाईच्या मागल्या खोलीशी आले आणि उंबऱ्याबाहेर उभे राहूनच म्हणाले, "धर्मामामा, दुपारचा पहारा धरशील?"

"मला?"

"माळ घालावी लागंल. मटन-मासली सोडावी लागंल."

आतून जनीबाई ओरडली, "सुकट सोड म्हनतात, जीव सोड नाय म्हनत! कर हो म्हन."

धर्मराज नाही म्हणणार होता. त्याला कुठल्याच गोष्टीवर विश्वास नसताना देवापुढे उभं राहणं खोटं वाटत होतं, आणि खोटं काम त्याने कधी केलं नव्हतं. पण गोजरबाई अंथरुणावरून त्याच्याकडे बघत होती. तिचं देवळात जाणं होळीनंतर थांबलं होतं. खाटेशेजारी अंबरनाथहून आणलेला ऑक्सिजनचा सिलिंडर उभा होता.

रामभाऊ गेल्यावर ती म्हणाली, "मला आता तिकडं येणं व्हायचं नाही. पर भोंगा हितं ऐकू येतो. तुमचा आवाज यील."

"माझा आवाज काय ऐकायचाय?"

"आयुष्यात कधी ऐकायला मिळाला?" ती हसली आणि तिला खोकला आला. "चार तास सलग बोलाल तुमी. घ्या माळ."

त्याने माळ घातली.

पहिल्या दिवशी वीणा गळ्यात पडली तेव्हा तिच्या वजनाने त्याला कॅम्पातली मशीन आठवली. रामकृष्ण हरी. तो ते कापडाचे थर चढवल्यासारखं म्हणत होता, एकावर एक, कडा जुळवून. त्यात देव नव्हता. पण भोंगा होता, आणि भोंग्याच्या दुसऱ्या टोकाला ती होती. आपण एका भिंतीशी बोलतोय आणि भिंतीपलीकडे कुणीतरी कान लावून बसलंय, असं त्याला वाटत राहिलं. संध्याकाळी घरी आला तर ती म्हणाली, "मधे दोनदा पाणी प्यालात. ऐकलं मी." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आज घाई करत होता." तिसऱ्या दिवशी नुसता त्याचा हात धरून पडून राहिली. चौथ्या दिवशी उभं असताना त्याच्या लक्षात आलं की बराच वेळ आपण तिच्यासाठी म्हणत नव्हतो. कुणासाठी म्हणत होतो, ते त्याला कळलं नाही. तो गोंधळला आणि पुन्हा मोजून म्हणू लागला.

सहाव्या दिवशी सकाळी तिने पेज घेतली. "आज बरं वाटतंय," म्हणाली. "जावा तुमी."

दुपारी रामभाऊ आणि मंडळातली बाकीची माणसं टेम्पो घेऊन बदलापूरला गेली होती, उद्याच्या काल्याच्या जेवणाची मोठी भांडी आणायला. पुढचा पहारा जनीबाईच्या मुलाचा, कमलेशचा. तो कंपनीतून सुटून यायचा होता. देवळात धर्मराज एकटा होता. फोन खोळीबरोबर बाहेर ओट्यावर ठेवलेला. विणेकऱ्याने फोन जवळ बाळगायचा नसतो.

जनीबाई पळत आली. तिच्या पायात चप्पल नव्हती.

"मामा, चला. गोजराचं लक्षन बरं नाय."

तो नाव म्हणतच तिच्याकडे बघत राहिला.

"डोलं फिरवतेय. सिलिंडर फुल केला तरी काय नाय. चला लवकर!"

धर्मराजने गळ्यातली वीणा उचलून तिच्यापुढे केली. चटका बसावा तशी जनीबाई मागे सरली.

"मी कशी घेऊ? बायांनी वीना घेतली नाय कवा. आमच्याकडं चालत नाय."

त्याने सभोवार पाहिलं. कोपऱ्यात पितळी समई, सतरंजी, मारुतीचा शेंदरी चेहरा. भिंतीला खुंटी होती. खुंटीला लावली असती तर सेकंदात सुटका होती. ज्या गावाने ती उशी आणून ठेवली, भिंतीशी जागा दिली, त्या गावाचे सहा दिवस त्या खुंटीला लटकले असते. आणि तिकडे ती होती. तो असेन म्हणाला होता.

धर्मराज देवळाच्या बाहेर पडला. वीणा गळ्यात, एका हाताने तार छेडत, तोंडाने नाव घेत. त्याच्या मागे मारुतीपुढचा माइक रिकामा उभा राहिला आणि भोंगा थांबला.

उन्हाने वाट पांढरी झाली होती. अनवाणी पाय भाजत होते. घाईने चाललं तर वीणा हिंदकळून कुठे तरी टेकेल म्हणून तो तिला छातीशी धरून, बाळ नेतात तसं, अर्धवट धावत होता. घरांतून माणसं उंबऱ्यात येऊन उभी राहिली. त्यांना आधी शांतता ऐकू आली होती. आता त्यांनी बाहेर बघितलं तर वीणाच रस्त्याने चालली होती. असं कधी घडलं नव्हतं.

खोलीत गोजरबाईचे डोळे उघडे होते. नाकाला नळी होती आणि ओठ जांभळे झाले होते. त्याला बघून तिच्या कपाळावर आठी पडली.

"आवाज का बंद केला?" ती म्हणाली. मग तिला त्याच्या गळ्यातलं दिसलं. "अगं बाई. घिऊन आलात? गाव मारंल तुमाला."

तो उत्तर देऊ शकत नव्हता. उत्तर दिलं असतं तर नाव तुटलं असतं. तो खाटेशेजारी उभा राहिला. विणेकऱ्याने बसायचं नसतं. त्याच्या एका हातात वीणा होती आणि दुसरा तारेवर. तिला धरायला हात उरला नव्हता. तिने चाचपडत त्याच्या धोतराचा सोगा मुठीत घेतला. जनीबाई उशाशी बसली आणि तिने गोजरबाईचं डोकं मांडीवर घेतलं.

टेम्पो गावाच्या वळणावर आला तेव्हा रामभाऊंनी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. त्या वळणावर भोंगा ऐकू येतो, आणि तो येत नव्हता. ते देवळात गेले, रिकामा माइक पाहिला, आणि वाटेतल्या माणसांनी दाखवलं तिकडे निघाले. जनीबाईच्या अंगणात पोचेपर्यंत त्यांच्या मागे पंधरा-वीस जणं झाली होती.

"वीना देवलाबाहेर काढली!" ते उंबऱ्यातूनच ओरडले. "कोनाला विचारून? आज्याच्या टायमापासून..."

मग त्यांना खाट दिसली. ते थांबले. आवाज खाली आला, पण कडकच राहिला.

"टेकली का कुठं?"

धर्मराजने मान हलवली. नाही.

"नाव तुटलं?"

ह्याला मात्र त्याला मान हलवता येईना. वाटेत एकदा त्याच्या पायाला दगड लागला होता. तेव्हा तोंडून नाव निघालं होतं की नुसता हुंकार, त्याला आठवत नव्हतं.

"नाय तुटलं," जनीबाई उशाशी बसूनच म्हणाली. "मी त्याच्या मागनं म्हनत आले. त्याचा दम जाई तवा माजा चालू होता. बाईचं चालत नसंल तर सांगा."

रामभाऊंनी चपला काढल्या. मग मागे वळून म्हणाले, "बघत काय उभं राहिलात? टाळ आना."

टाळ आले. माणसं अंगणात उभी राहिली, काही पडवीत, काही खिडकीशी. त्यांना जे येत होतं ते त्यांनी धरलं. गोजरबाईने डोळे वळवून खिडकीकडे पाहिलं. "किती मानसं," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर आनंद होता की लाज, ते सांगता येत नव्हतं. कुणी तरी पाहुणे अचानक यावेत आणि घर आवरलेलं नसावं, तशी काहीशी ती दिसत होती.

रामभाऊ आत आले आणि धर्मराजच्या शेजारी उभे राहिले. त्यांनी पुष्कळ मरणं पाहिली होती. तिच्या श्वासातलं अंतर त्यांना कळत होतं.

"धर्मा," ते हळू म्हणाले, "मला दे आता."

धर्मराजने वीणा घट्ट धरली.

रामभाऊ काय म्हणत होते ते त्याला कळलं होतं. ती गेली की त्याला सुतक, आणि सुतकातल्या गळ्यात वीणा राहू शकत नाही. तिचं काही व्हायच्या आत वीणा त्याच्या गळ्यातून निघायला हवी होती. पण सहा दिवसांत त्याच्या आत एक वेडी गोष्ट घर करून बसली होती आणि ती आत्ता त्याला दिसली. ही खाली ठेवायची नसते. तुटायची नसते. मग जोवर ही माझ्या गळ्यात आहे तोवर काहीच तुटणार नाही. ज्याने आयुष्यात नवस बोलला नव्हता, तो माणूस एका लाकडी वाद्याला धरून उभा होता आणि मनात म्हणत होता, देणार नाही. त्याचा आवाज मोठा झाला. तो जवळजवळ ओरडत होता. अंगणातले टाळ गोंधळून थांबले आणि पुन्हा सुरू झाले.

"धर्मा, माझं ऐक."

त्याने ऐकलं नाही.

सोगा ओढला गेला. त्याने खाली पाहिलं. गोजरबाईने सगळा जीव एकवटून तो ओढला होता.

"द्या त्यांना," ती म्हणाली. एवढ्यावर तिचा श्वास संपला. तिने पुढच्याची वाट पाहिली, तो आला. "आन हितं बसा."

रामभाऊ वाकले. म्हाताऱ्या गुडघ्यांवर हात टेकत ते मागल्या खोलीतल्या भाडेकरूच्या पाया पडले. मग धर्मराज त्यांच्या पाया पडला. रामभाऊंनी नाव उचललं, धर्मराजने सोडलं, आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्यात गेली. तिचा भार गेल्यावर धर्मराजचा तोल गेला आणि तो खाटेच्या कडेवर बसला. त्याने तिचा हात हातात घेतला. किती तरी वेळाने त्याच्याजवळ मोकळा हात होता.

रामभाऊ वीणा घेऊन बाहेर पडले. टाळकरी त्यांच्या मागे निघाले, पण सगळे नाही. बरेच जण अंगणात राहिले. थोड्या वेळाने भोंगा सुरू झाला. धर्मराजने नाव बंद केलं होतं; आता तो तिच्याशी बोलत होता. काय बोलत होता, ते जनीबाईने नंतर कुणाला सांगितलं नाही. कमलेश कंपनीतून आला तेव्हा गोजरबाई गेलेली होती आणि धर्मराज तसाच बसलेला होता.

धामणदऱ्यात कुणी गेलं की घरटी एक लाकूड येतं. प्रत्येक घरातला माणूस खांद्यावर एक ओंडका घेऊन ओढ्याकडे जातो. कुणी बोलावत नाही. दिवस मावळायच्या आत ओढ्याकाठी लाकडांचा ढीग झाला. गरजेपेक्षा जास्त झाला. उरलेली लाकडं कुणी परत नेली नाहीत.

अडचण दुसऱ्या दिवशी निघाली. तो काल्याचा दिवस. काल्याची दहीहंडी पिढ्यान्‌पिढ्या जनीबाईच्या घरातून जायची. तिच्या सासूच्या सासूपासूनचा तो मान होता, आणि जनीबाई वर्षभर त्या दिवसाकडे डोळे लावून असायची. सुतक धर्मराजला; जनीबाईच्या घराला नाही. गोजरबाई तिच्या ना नात्याची ना जातीची. रामभाऊ सकाळी येऊन अंगणात उभे राहिले.

"जने, हंडी कधी नेतेस?"

"न्यायची नाय. आमाला सुतक हाय."

"तुला कसलं?"

"एका छपराखाली रायली. माझ्या मांडीवर गेली. मग कोनी धरायचं?"

"मान एकदा दुसऱ्या घरी गेला की परत येत नाय. तुला म्हाईत हाय."

"म्हाईत हाय," जनीबाई म्हणाली. "यंदा तुमच्या घरची न्या."

रामभाऊंनी मागल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग गेले. धर्मराजने हे आतून ऐकलं. तो बाहेर आला आणि म्हणाला, "जनीबाई, तुम्ही जा. माझ्यासाठी कशाला?"

"तुझ्यासाठी कोन म्हनतंय?" ती कडाडली. "गप बस. भात निवतोय."

काल्याचं कीर्तन भोंग्यावरून आलं. हंडी फुटल्याचा गलका आला. त्या घरात तिघं जणं बिनफोडणीचं वरण आणि भात खात होती. जनीबाईने पदराने डोळे पुसले. ते गोजरबाईसाठी की हंडीसाठी, ते तिलाही वेगळं करता आलं नसतं.

दहाव्याला ओढ्याकाठी न्हाव्याने धर्मराजचं डोकं केलं. तो उठला तर त्याच्या जागी कमलेश येऊन बसला.

"तू कशाला?" धर्मराज म्हणाला.

"आईनं सांगितलंय. आता बोलू नका, ब्लेड लागंल."

चार दिवसांनी कमलेश कामावरून आला आणि शर्ट काढता काढता म्हणाला, "सुपरवायझर बोलला, अरे टकल्या, कौन गुजर गया? मी बोललो, बडी माँ." मग तो हातपाय धुवायला गेला.

धर्मराज उठला. सुतक फिटलं होतं. संध्याकाळ व्हायची होती, डोंगर अजून मागेच होता. तो देवळात गेला. तिथे कुणी नव्हतं. वीणा तिच्या जागी, खुंटीला होती. तो मारुतीपुढे उभा राहिला. हात जोडावेत की नाही, हे ठरवेपर्यंत ते जोडले गेले.

मागायला काही नव्हतं. तिच्याबद्दल कुणाला तरी सांगावं असं त्याला फार वाटत होतं, आणि जिला सगळं सांगायचं तीच नव्हती.

"ती गेली तेव्हा माणसं होती," तो मारुतीला म्हणाला. "अंगण भरलं होतं."

तो भिंतीशी टेकून बसला आणि काळोख होईपर्यंत तिथेच बसून राहिला.